यादीतलं नाव

प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअर पॅकेजची जबाबदारी मी आज सोडली. सोडलीच नाही असं समजा.

आमच्या सॉफ्टवेअर प्रकल्पात तयार पॅकेज मिळत नाही; ज्याने त्याने ते मूळ कोडपासून बांधायचं. आणि जबाबदार लोकांच्या यादीतून माझं नाव खोडणं हाही कोडमधला बदलच, म्हणून आधी अख्खं पॅकेज बांधून दाखवा! सहा तास रखडून ते शेवटच्या पायरीवर कोसळलं. याच कोसळण्याला विटून तर मी सोडत होतो. सिस्टीमचं उत्तर आलं, "यादीत ज्याचं नाव आहे, त्याने दुरुस्त करावं."

"मग कर की दुरुस्त," ताई म्हणाली.

"सात वर्षं तेच करतोय गं. आता प्रिंटर नुसता दिसला तरी वाट बदलतो."

शेवटी रीतसर अर्ज केला.



"महोदय, नाव यादीत असू द्यावे. फक्त मला वगळावे, ही नम्र विनंती."