पारुबाईची यादी

यादी कर म्हणाला पोरगा, सोमेश्वर. गाव सोडून पुण्याला कायमचं राहायला येताना काय काय आणायचं त्याची यादी. तेवढ्याच मापाचा टेम्पो बाळापुरातून ठरवतो म्हणाला. सोमेश्वरचं काय जातंय सांगायला! पारुबाईला अंगठ्यापलीकडं अक्षर येत नव्हतं.

शेजारची पुनम लिहून देते म्हणाली. पण नुसतं ‘तांब्या’ लिहिलं तर कोणता तांब्या, हे त्याला कसं कळावं? म्हणून पारुबाईनं नातवाची विसरलेली पेन्सिल घेतली आणि जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर एकेक वस्तू काढायला बसली. रांगोळीचा हात होता, तो कामी आला.

चार दुपारी गेल्या. तांब्याचा पोचा काढला, रेघ दाबून अन् मग बोटानं पुसून. पोळपाटाचा एक पाय आखूड, त्याखाली मालकांनी मरायच्या आदल्या साली ठोकलेली चकती, तीही काढली. परातीच्या काठावरचा उजेड तेवढा कोरा ठेवून बाकी परात काळी केली, तर ती कागदावर लखलखायला लागली. पारुबाई बघतच राहिली. चाळीस वर्षं राखेनं घासली, पण एवढी देखणी आहे हे कधी ध्यानातच आलं नव्हतं. घरात सांगायला कुणी नव्हतं, म्हणून तिनं ते परातीलाच सांगितलं. ह्या चार जिनसा संगं असल्या तर पुण्यातबी करमंल. नाहीतर त्या फ्लॅटात दिवसभर बोलायचं कुणाशी?

पाचव्या दिवशी पुनमनं फोटो काढून धाडले. तासाभरात सोमेश्वरचा फोन. पोरगं हरखून गेलं होतं. सुनेनं चित्रं साऱ्या मैत्रिणींना दाखवली म्हणे.

“माय, फ्रेम करून हॉलमध्ये लावतो सगळी. आता टेम्पो कशाला? सामान राहू दे तिथंच, इथं सगळं हाय. चित्रं तेवढी घेऊन ये.”

पारुबाईनं पानं गोळा केली, काठ जुळवले. आवाज साधाच ठेवला.

“बराबर हाय. मंग दोन दिवस थांब. मलाबी काढून धाडते. लाव त्यांच्याच शेजारी.”

पारुबाईनं फोन पुनमच्या हातात दिला, खुंटीवरचा आरसा काढून पदरानं पुसला आणि विळीवर पेन्सिलीला टोक काढायला बसली.