सरळ केलेला आवाज

"ओजस, पाय हलवू नकोस!" आत्याने पुन्हा बजावलं. पाय क्षणभर थांबला आणि परत हलू लागला. सकाळपासून ओजस सिंथेसायझरच्या एकाच सुराच्या मागे हात धुऊन लागला होता. आत्याच्या गाण्यामागे भरदार, खोली व्यापून टाकणारा सूर हवा होता, आणि काही केल्या तो पोकळच वाजत होता. गाणं तर संध्याकाळी पाठवायचं होतं.

"आता काय करतोयस?"

"एकच सूर तीन थरांत लावलाय. आता त्यातले दोन किंचित हलवतो. तिन्ही तंतोतंत जुळले की आवाज मेल्यासारखा येतो. जरा इकडेतिकडे झाले, की भरतो."

त्याने बटण जरासं फिरवलं. सूर खरंच अंग धरू लागला. पण आत्याच्या आवाजाखाली लावला, तर गाणं कोरडं ते कोरडंच.

सत्तरीत आत्याचा आवाज कापू लागला होता. लोकांनी हसू नये म्हणून ओजसने कालच तिला न विचारता सगळा कंप काढून तो सरळ केला होता.

"यंत्राला मुद्दाम हलवतोस," आपला सपाट झालेला आवाज ऐकून आत्या म्हणाली, "आणि मला मात्र इस्त्री केलीस होय रे?"

ओजसचे कान तापले. त्याने ती दुरुस्ती काढली आणि गाणं पुन्हा लावलं. आत्याचा आवाज थरथरत आला, सुरात मिसळला आणि खोलीभर पसरला. ओजसने आपले दोन थर बंद करून टाकले. त्यांची गरजच उरली नव्हती.

पाय कधीचा थांबलाय, हे त्याला आत्याने गुडघ्यावर हात ठेवला तेव्हा कळलं.