सात बाप

“पुन्हा म्हण,” बुरुल म्हणाली. “वडील?”

“रुस्ताम.”

“आजोबा?”

“जुमा.” रानो अडली. “त्यांच्या वरचं नाही माहीत, ताई. आमच्यात कुणी विचारतच नाही.”

दोघी ओश शहरातल्या शाळेच्या जिन्याखाली बसल्या होत्या. बाहेर कोळशाच्या धुराने आभाळ खाली आलं होतं. रानो ल्युली या भटक्या जमातीच्या वस्तीतली. ल्युली म्हणताना शहरातले लोक नाक मुरडतात, तेवढ्यावरून बाकीचं समजावं. वस्तीतली शाळा चौथीला संपते आणि रानोची चौथी झाली होती. इथे पाचवीत घेतलं तर ती शिकणार, नाहीतर उद्यापासून आईच्या मागे बाजारात पुठ्ठे वेचणार. मधला रस्ता नव्हता.

बुरुलचं शिक्षिका होण्याचं शेवटचं वर्ष, सरावाचे तास याच शाळेत. शाळेतला वंशभेद ओळखायचा कसा आणि त्याला तोंड द्यायचं कसं, हा विषय तिच्या वर्गाला कॉलेजात सोनुनबाई शिकवत. बाई व्याख्यान देत नसत. एखादीला उभं करून म्हणायच्या, “आपण शिक्षकांच्या खोलीत बसलोय. मी म्हणाले, ल्युल्यांची पोरं शिकून काय करणार, शेवटी भीकच मागायचीय. हं, बोल.”

बहुतेकींची दातखीळ बसायची. बुरुल मात्र तिथल्या तिथे बाईंना गप्प करायची.

“वर्गात जीभ चालते तुझी,” बाई एकदा म्हणाल्या. “खऱ्या खोलीत चालली की मी सुटले.”

या शाळेतली मेख शोधली तीही बुरुलनेच. प्रवेशाचा असा नियम कुठे लिहिलेला नव्हता. पण पालकांचा म्होरक्या माम्बेतआबा नव्या मुलाला समोर घेऊन त्याच्या सात पिढ्यांचे बाप विचारायचा. सात बाप ठाऊक नसलेला तो गुलाम, असं किरगीझ माणूस दुधाच्या दातांपासून ऐकत आलेला असतो. त्यामुळे या प्रश्नात कुणाला काही खुपत नसे. ल्युलींची पोरं तेवढी दरवर्षी दारातून परत जात आणि मुख्याध्यापिका आबाच्या शब्दाबाहेर नव्हत्या.

सोनुनबाई आबाशी भांडून आल्या, तेव्हा तो शांतपणे म्हणाला होता, “मी कुणाला कुठली म्हणून विचारतो का? सात बाप सांगावे आणि खुशाल बसावं.”

“उत्तर पाठ करून घेऊ नका,” बाईंनी मुलींना बजावलं. “तो प्रश्नच चुकीचा आहे, हे त्याच्या तोंडावर म्हणा.”

बुरुलने मान डोलावली. पण तिला वाटलं, बाई प्रश्नाशी भांडत बसतील आणि तोवर पोरीचं शिकायचं वय निघून जाईल. हा विचार वाईट होता असं म्हणवत नाही.

तिने आधी मनाने नावं रचून दिली. रानो ती उलटसुलट करायची. मग बुरुलने स्वतःचीच दिली, आपल्या आजोबांच्या वडिलांपासून वरचे पाच. काराबाय, बोरोन, चोनबाश, इतीके, नूरमात. ही नावं एका तालात जिभेवर बसत. आजोबांनी तिच्याकडून ती रोज संध्याकाळी म्हणून घेतली होती. चुकली तर जेवण नाही. इतर घरांत एवढा कडकपणा नसे. गावी मात्र त्यांनी तिला कधी नेलं नाही. तिथे आता आपलं कुणी उरलं नाही, म्हणायचे.

‘पाच बाप उसने दिले म्हणून माझे काय कमी होणार आहेत,’ असं तिच्या मनात आलं आणि तिला हसू फुटलं.

दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत चहा ओतला गेला. माम्बेतआबा लोकरीच्या नमद्याची पांढरी टोपी नीट करून बसला. शेजारी मुख्याध्यापिका होत्या, भिंतीशी सोनुनबाई आणि बुरुल. रानो मधोमध उभी राहिली. तिने केस ओले करून चापूनचोपून बसवले होते.

“सांग, पोरी.”

रानोने एका दमात सातही नावं सांगितली. कुठे अडखळली नाही. मुख्याध्यापिकांच्या तोंडून “वा” निघून गेलं.

आबाने पेला खाली ठेवला. “शेवटचे पाच पुन्हा म्हण.”

तिने म्हटले.

“काराबायच्या वरचे चार माझे आहेत,” आबा म्हणाला.

खोलीत कुणाला काही कळेना. आबाने दाढीवरून हात फिरवला. तो रागावलेला दिसत नव्हता, उलट जुनी गंमत आठवावी तसा बोलत होता.

“वर डोंगरात, आमच्या गावी होता हा काराबाय. ल्युलीच. चाळण्या विणायचा. सामूहिक शेती आली तेव्हा याला सरकारी यादीत किरगीझ म्हणून नाव लावायचं होतं, पण सात बाप कुठून आणणार? माझ्या आजोबाने एका मेंढीवर आमचे चार त्याला देऊन टाकले. पुढे त्याचा मुलगा शहरात उतरला, तो कायमचा. लहानपणी आम्ही काराबायच्या मागे दगड घेऊन धावायचो, उसन्या बापाचा, उसन्या बापाचा, म्हणत.” तो रानोकडे वळला. “तर त्याची पणती तू. पोरी, हे सात बाप नव्हेत. जा घरी.”

रानोला पणती म्हणजे काय तेही नीट उमगलं नसावं. ती बुरुलकडे बघू लागली.

सोनुनबाईंचं लक्ष आबाकडे नव्हतं. त्याही बुरुलकडेच बघत होत्या.

“या पोरीला दोनच नावं येत होती,” त्या सावकाश म्हणाल्या. “बुरुल, वरचे पाच कुणाचे?”

“विचारा, विचारा,” आबा म्हणाला. “चांगल्या घरची मुलगी आहे, खोटं बोलायची नाही.”

बुरुलने सोनुनबाईंकडे पाहिलं, मग आबाकडे. रानोकडे तिने पाहिलं नाही.

“तिचेच,” ती म्हणाली.