मागची गर्दी

क्षमानं पडद्यावरचा फोटो आणखी मोठा केला आणि एकदम किंचाळली.

छापखान्याचे मालक परशराम हातातला कागदाचा गठ्ठा टाकून धावत आले. “काय झालं गं? फाइल उडाली?”

“न्हाय मामा. आमचे अण्णा सापडले!”

काम तसं साधं होतं. निपाणीच्या रविराज पाटलांना नव्या घराच्या भिंतीसाठी आईवडिलांचा जुना फोटो मोठा छापून हवा होता. गावातल्या जैन बस्तीच्या पंचकल्याण पूजेत ते दोघं मानाचे इंद्र-इंद्राणी झाले होते. डोक्यावर मुकुट, गळ्यात हार, चेहऱ्यावर थाट. “मागची गर्दी तेवढी पुसून टाक,” असं सांगून पाटील गेले होते. क्षमानं फोटो स्कॅन केला, चरे बुजवले, उडालेला लाल रंग परत आणला. मग एकेक माणूस पुसायला घेतला. फेटेवाला गेला. रडणारं पोर गेलं. मांडवाचा खांब गेला. त्या खांबाच्या बाजूला उसाच्या रसाचा गाडा होता, आणि गाड्यापाशी एका ग्लासात दोघं रस पीत होते. ग्लास त्याच्या हातात, तोंड तिचं. मुलीच्या डाव्या गालावर खळी होती. आईची खळी. आणि हसून वाकडा झालेला तो मिशीवाला पोरगा म्हणजे बोरगावचे नेमिनाथअण्णा, क्षमाचे वडील. कमानीवर पूजेचं साल होतं. त्यांच्या लग्नाच्या आधीच्या वर्षाचं.

क्षमा खुर्चीतच गिरकी घेऊन हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

कारण गेला आठवडाभर हेच अण्णा तिच्याशी बोलत नव्हते. चिकोडीच्या श्रेयांसशी लग्न करायचं आहे, मीच त्याला पसंत केलंय, असं तिनं घरी सांगितलं होतं. मुलगा चांगला, नोकरी चांगली, समाजही आपलाच. तरी अण्णा ताटावरून उठले होते. “आपल्या घरात असली थेरं चालत न्हाईत. अंतरपाट सरल्यावर मी तुझ्या आईचं तोंड पहिल्यांदा बघितलं!” आईनंही होकारार्थी मान डोलावली होती.

क्षमानं पाटलांना फोन लावला. “काका, पुसलेल्या गर्दीतला एक कोपरा मला द्याल का?”

“सगळी गर्दीच ने की,” पाटील म्हणाले.

नखाएवढा तो कोपरा नुसताच ताणला असता तर चेहरे फुटले असते. म्हणून तिनं तेवढाच भाग पुन्हा बारकाईनं स्कॅन केला. पडद्यावर गोरे दिसणारे चेहरे कागदावर काळवंडतात, म्हणून उजेड थोडा वाढवला. कडा कापताना ग्लास कापला जाऊ नये म्हणून भोवती जागा सोडली. नमुना छापून बघितला. खळी ठळक उठली. हसू आवरेना म्हणून परशरामांनी तिला दोनदा पाणी दिलं, आणि फ्रेम स्वतः ठोकून दिली.

दिवस मावळायच्या आतली जेवणं उरकून सगळे सोप्यात बसले होते. क्षमानं फ्रेम भिंतीला टेकवून ठेवली.

अण्णांनी बघितलं. कान लाल झाले. “कोण हाय ह्यो?” ते म्हणाले.

आई, राजमती, पदर तोंडावर धरून बसली होती. आधी तिचे खांदे हलले. मग तिला इतकं हसू फुटलं की ती भिंतीला टेकली. “अहो, ग्लास तरी दोन घ्यायचे हुते!”

“राजमती, गप बस. आप्पा बसल्यात.”

आप्पा म्हणजे क्षमाचे आजोबा, कोपऱ्यातल्या खाटेवर जप करत होते. त्यांनी हात पुढं केला. “आण इकडं.” चष्मा लावून त्यांनी फोटो बराच वेळ बघितला. अण्णा उठून उभे राहिले, शाळेतल्या पोरासारखे.

“आप्पा, ते... गर्दीत सहज गाठ पडली हुती.”

“सहज कसली? पूजा संपूस्तवर रोज पडत हुती. मी समोरच्या मंडपात पंगत वाढत हुतो न्हवं?”

अण्णांना घाम फुटला. “मग कधी बोलला न्हाईसा ते?”

“बोललो की. तुझ्याशी न्हाय, हिच्या वडलांशी. पूजा संपली, आणि दुसऱ्याच दिवशी पोरगी मागायला गेलतो.” आप्पांनी चष्मा काढून पुसला. “आता चिकोडीला तू जातोस, का ह्या वयात परत मीच जाऊ?”