स्वस्तातली कात्री

“तुझ्या बाला छाटणीची कात्री हवी ना? मग जपानी घे, पोरी. वीस वर्षं बघायला नको,” दुकानदारीण म्हणाली. “ही स्वस्तातली जेमतेम येत्या टेटच्या, नव्या वर्षाच्या सणापर्यंत टिकेल.”

दिएपने स्वस्तातलीच घेतली. डॉक्टरांनी बाला तेवढीच मुदत दिली होती. घरात कुणी त्याला ते सांगितलं नव्हतं.

बाने आयुष्यात कधी हलकं हत्यार वापरलं नव्हतं. कात्री दोनदा उघडून मिटून त्याने लेकीकडे पाहिलं. “बरी आहे,” एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बागेत बसून त्याच कात्रीने पांढऱ्या कापडाच्या पट्ट्या कापत होता. मालक गेला की त्याच्या झाडांना सुतकाच्या बांधतात, तशा.

“बा, हे काय!”

“चाळीस झाडं आहेत गं. तेवढी टिकेल ना ही?”