पिवळे बूट

सकाळपासून डेल्फीनने तिसऱ्यांदा ब्रश धुतले. चित्र पुरं होऊन आठवडा झाला होता. चार वाजता गाडी येऊन ते अटलांटाच्या प्रदर्शनाला नेणार होती, तरी तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. कॉरिंथिया आत्या चित्र बघायला यायची होती. तू नको म्हणालीस तर चित्र जाणार नाही, असा शब्द डेल्फीन तिला देऊन बसली होती.

चित्र डेल्फीनच्या आजोबांचं, म्हणजे आत्याच्या वडिलांचं. तरुणपणी ते दोन वर्षं फ्लोरिडात लाकूडतोडीला होते, असंच घरात सांगत. सरकारी दप्तरात डेल्फीनला फोटो सापडला तो वेगळाच. जॉर्जियाच्या रस्त्यावर साखळदंडात खडी फोडणारे काळे कैदी आणि त्यांत विशीतले आजोबा, कैद्यांच्या पट्ट्यापट्ट्यांच्या कपड्यांत. गुन्हा काय, तर हाताला काम नसताना रस्त्याने चालले होते; तेव्हा काळ्या माणसाला एवढ्यावरही पकडत. फोटो गुडघ्यांपर्यंतच होता. डेल्फीनने त्या पट्ट्यांना जांभळा, नारिंगी, मोरपंखी रंग चढवला, मागे गोधडीची ठिगळं भरली आणि पायांत पिवळेधमक बूट घातले.

आत्या शहाऐंशी वर्षांची. मंगळवार असूनही रविवारची चर्चची हॅट घालून आली आणि चित्रासमोर उभी राहिली. डेल्फीन बोलतच सुटली. लाज त्यांची नाही, ज्यांनी हे कपडे चढवले त्यांची, वगैरे वगैरे.

"किती बडबडतेस गं," आत्या म्हणाली. "आईने जाताना सांगितलंय मला सगळं. पट्टे राहू देत. राजबिंडे दिसतायत बाबा. बूट तेवढे काढ."

डेल्फीनचा चेहरा पडला. बेड्या तर सगळेच रंगवतात, मला त्यांना बूट द्यायचे होते, असं ती कसंबसं म्हणाली.

आत्या खुर्ची ओढून बसली आणि सांगू लागली. बाबा झोपतानाही मोजे काढत नसत, हे तिने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. बाप्तिस्म्याला सगळे अनवाणी नदीत उतरले आणि हे मोज्यांसकट. लोक हसले, ती स्वतःही हसली होती, आणि त्याचं तिला अजून वाईट वाटे. मरणाआधी त्यांनी अंत्यविधीवाल्याला बजावून ठेवलं होतं, आधी मोजे चढवायचे, मग घरच्यांना आत बोलवायचं.

"मग बेड्यांनी पाय झाले होते कसे?" डेल्फीनने विचारलं.

"मला काय माहीत?" आत्या म्हणाली. "पोटची पोर मी त्यांची. एकदासुद्धा दाखवले नाहीत."

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. डेल्फीन दाराकडे निघाली, परत फिरली, पुन्हा निघाली.

आत्याने हॅट काढून मांडीवर ठेवली.

"थांबू दे त्यांना," ती म्हणाली. "तू पाय रंगव. मला बघायचेत."