सातव्या नावापुढचा शब्द

अकरा नावांपुढे एकच शब्द असायला हवा होता. दहा नावांपुढे तो होता. सातव्या नावापुढे दुसराच होता, आणि सातवं नाव तिच्या नवऱ्याचं होतं.

जहाजाच्या कंपनीकडून आलेला तो कागद तिने छापखान्यातल्या आपल्या टेबलावर, दिव्याखाली सपाट करून ठेवला. चौदा वर्षं ती या टेबलावर प्रुफं वाचत होती. परक्या बंदरात लढाई भडकली, तिथल्या सैन्याने मालवाहू जहाज अडवलं आणि अकराही खलाशांना उचलून नेलं, त्याला आज चाळीस दिवस झाले होते. चाळीस दिवसांत आलेली ही पहिली खबर, आणि ती इंग्रजीत.

दहा जण ‘इंटर्न्ड’. म्हणजे छावणीत डांबलेले.

सातवा ‘इंटर्ड’. म्हणजे पुरलेला.

मध्ये एका अक्षराचा फरक. एनच्या जागी आर.

“ताई, टायपिंगची चूक असणार,” शेजारच्या कॉम्प्युटरवरचा ऑपरेटर म्हणाला. वयाने तो तिच्या वडिलांएवढा, पण सगळ्यांसारखा तिला ताईच म्हणायचा. “दहांना एक न्याय आणि एकाला दुसरा, असं कुठे असतं का?”

तिने कीबोर्डकडे पाहिलं. एन खालच्या ओळीत, उजवीकडे. आर वरच्या ओळीत, डावीकडे.

“नाही हो काका. बोट चुकलं तर शेजारच्या अक्षरावर पडतं. एवढ्या लांब नाही जात.”

बोलता बोलताच ती उठली. काकांना तिने खुर्चीवरून जवळजवळ ढकललंच. ‘इंटर्न्ड’ शब्द तिने एन गाळून टाइप केला. खाली लाल रेघ उमटली आणि मशिनने आपणहून दुरुस्ती सुचवली. दोन आरचा ‘इंटर्ड’.

“बघा! कुणीतरी घाईत एन खाल्ला, आणि पुढचं मशिनने केलं! बघा ना काका!”

तिने तो शब्द पुसला, पुन्हा टाइप केला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. जन्मभर लोकांच्या चुकांवर लाल रेघा मारणारी ती बाई आज पहिल्यांदाच एका चुकीपुढे हात जोडत होती.

दाराबाहेरच्या बाकावर सासरे बसले होते. मुलाची खबर आली, एवढंच त्यांना कळलं होतं, आणि घरी बसून राहणं काही त्यांना जमलं नव्हतं.

“काय गं, काय झालं?” त्यांनी बाहेरूनच विचारलं.

“थांबा बाबा, फोन लावते.”

कंपनीतला कारकून सकाळपासून फोन घेऊन घेऊन कावला होता. “बाई, यादी तिकडून हाताने लिहून आली. आम्ही ती फक्त टाइप केली.”

“म्हणजे टाइप तुमच्याकडे झाली?” तिचा आवाज चिरकला. “मग मूळ कागदावर काय आहे? सातवं नाव. जरा बघून सांगा हो, तुमच्या पाया पडते.”

कागदांची सळसळ ऐकू आली.

“अक्षर अगदी गिचमिड आहे. एन म्हटलं तर एन, आर म्हटलं तर आर. एवढ्याने काय बिघडतंय?”

ती हसली. रडता रडता हसली. काकांना तिने हाताने खूण केली, की एन असू शकतो. काका नुसतेच मान हलवत राहिले.

“आणखी काय आहे त्या ओळीत?”

“पुढे एक रकाना आहे. नुसते नंबर-बिंबर आहेत, म्हणून आम्ही तो टाइप केला नाही.”

“वाचा ना.”

“पहिला, बराक चार. दुसरा, बराक चार. तिसरा, बराक नऊ...”

एकेका नावापुढे ती पेन्सिलने बराकीचा नंबर लिहीत गेली. चौथा, पाचवा, सहावा. कारकुनाचा सूर शाळेत पाढे म्हणावेत तसा एकसारखा चालला होता.

“सातवा. याला बराक नाही. रांग तीन, क्रमांक सोळा. आणि पुढे गेल्या महिन्याची बारा...”

कारकून थांबला. आठवा त्याने वाचलाच नाही. आवाज अगदी खाली आणून त्याने विचारलं, “बाई, तुम्ही त्यांच्या कोण?”

रिसीव्हर तिने जागेवर ठेवायचा प्रयत्न केला, तो दोनदा निसटला. शेवटी काकांनी तिच्या हातातून घेऊन तो ठेवला.

सासरे दारात येऊन उभे होते. चौकटीला धरून.

“काय म्हणतात?”

तिने तोंड उघडलं. शब्द होता, अगदी साधा, दोन वर्षांच्या पोरालाही कळेल असा. तो काही केल्या जिभेवर येईना. म्हाताऱ्याचे डोळे तिच्या ओठांवर लागले होते.

“तिकडेच ठेवलंय त्यांना,” ती म्हणाली.

सासऱ्यांनी डोळे मिटले. चौकटीवरचा हात सैल सोडून ते हळूहळू जवळच्या स्टुलावर टेकले, आणि चाळीस दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी पोटभर श्वास घेतला.

“ठेवू देत,” ते म्हणाले. “ठेवून ठेवून किती दिवस ठेवतील?”